दोन रुपयांचा गुरुवार

शनिवार, ३ सप्टेंबर १९९४

संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे. कराड एस.टी. स्टँडसमोर हवालदारसाहेबांच्या लॉटरीच्या टपरीवर उभा होतो. खिशात आठवड्याचा पगार. उजव्या हातात आत्ताच घेतलेलं तिकीट, डाव्या हातात पाचाच्या नोटेतले उरलेले तीन रुपये. मागून खांद्यावर हात पडला. कडेगावचा मामा.

"हितं काय करतूस रं?"

तिकीट मुठीत दाबलं, पण उशीर झाला होता.

मामा माझ्याकडेच निघाला होता. पलूसला स्थळ बघितलंय म्हणाला. मुलगी शैला, बारावी झालेली, शिवणकाम करते. चुलत्यानं वाढवली. चुलत्यानं पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. एवढंच विचारलं, "पोराला काय नाद?" मामानं छातीवर हात ठेवून सांगितलं, सुपारीचं खांडसुद्धा न्हाई. हे सगळं तो माझ्या मुठीकडे बघत सांगत होता.

चुलता असं का विचारतो तेही कळलं. शैलाचे वडील मटक्याचा आकडा लावायचे. दुभती म्हैस गेली, बायकोच्या पाटल्या गेल्या, मग एक दिवस ते स्वतः घरातून गेले. आठ वर्षं झाली. पत्ता नाही.

मी म्हणालो, "मामा, ही सरकारी लॉटरी हाय. आकडा न्हवं."

"ते तू मला सांगतूस. त्यास्नी कोण सांगणार? लगीन हुस्तवर बंद ठेव. आन् तोंड बी बंद ठेव."

पावणेआठच्या गाडीनं गेला. चहाचे पैसे त्यानंच दिले.


रविवार, ४ सप्टेंबर

नाद म्हणजे नक्की काय, आणि माझा आहे का?

या वर्षीच्या पहिल्या शनिवारपासून दर शनिवारी एक तिकीट. एकदा तापामुळे चुकलं. कालचं धरून पस्तीस, म्हणजे सत्तर रुपये. आले सोळा. दोनाचं बक्षीस तीनदा, दहाचं एकदा.

तिकिटाच्या मागचं बारीक छापलेलं आजवर वाचलं नव्हतं. आज उजेडात धरून सगळं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत (फाटलेलं किंवा क्रमांक न दिसणारं तिकीट चालणार नाही). दहा मालिका, प्रत्येकीत एक लाख तिकिटं. म्हणजे वीस लाख रुपये गोळा. बक्षिसांची बेरीज केली, ताळा घेतला. आठ लाख. म्हणजे सगळीच्या सगळी तिकिटं मी एकट्यानं घेतली तरी दोन रुपयांमागे ऐंशी पैसे परत. एक रुपया वीस पैसे गेले ते गेले.

शाळा नववीत सुटली, पण एवढं येतं.

कळलं. तरी येत्या शनिवारी घ्यावंसं वाटतंय, ते कालच्याइतकंच. हे कसं काय?

ते एक रुपया वीस पैसे कशाचे? चहाला दीड रुपया पडतो आणि त्यातलं काहीच परत येत नाही. पण चहा पोटात जातो. हे कुठे जातात?


गुरुवार, ८ सप्टेंबर

सोडत बुधवारी, निकाल गुरुवारी सकाळी. कामावर जाताना टपरीवर पाहिला. काही नाही.

कारखान्यात (कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा कोपरा) दुपारी डबे सोडले तेव्हा सगळ्यांना विचारलं. पलूसचं सांगितलं नाही. नुसतं विचारलं, दर शनिवारी एक तिकीट म्हणजे नाद म्हणायचा का?

ड्रिलवरचा बबन हसला. "माझी तंबाखू रोजची तीन रुपयाची. हप्त्याला दोन रुपयं म्हंजे नादाची बेइज्जती हाय गड्या."

आबा मिस्त्री, आमचे मालक, म्हणाले, "घरात सांगायची चोरी वाटती का? वाटत आसंल तर नाद."

"मग मिस्त्री, तुमचं ते अमावास्येचं..."

"तू डबा खा."

वेल्डर रसूलभाई शेवटी बोलले. "आमच्यात हराम हाय, म्हणून मी घेत न्हाई. हराम नसतं तर घेतलं असतं का, ते मला बी म्हाईत न्हाई." मग पुन्हा भाकरीकडे वळले.

आईला मी सांगितलेलं नाही. म्हणजे मिस्त्रींच्या हिशोबानं नाद.


शनिवार, १० सप्टेंबर

ठरवून टपरीवर गेलो नाही. मंडईच्या बाजूनं, लांबून घरी आलो. हातपाय धुतोय तोवर दारात सायकलची घंटी.

हवालदारसाहेब. (पुढे ह.सा. लिहितो.) सोळा वर्षं फौजेत होते. अजून टाचा जुळवूनच उभे राहतात.

"तबियत ठीक है ना? मागं ताप आला तवाच चुकला होतास. म्हटलं, चक्कर टाकावी. तुझं काढून ठेवलं होतं." आणि आईच्या देखत तिकीट पुढे केलं.

दोन रुपये दिले. काय करणार? आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "कापडं कोण धुतंय? पँटीच्या खिशात दर आठवड्याला एक रंगीत कागद. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"मग बोलली न्हाईस ती?"

"त्यात काय बोलायचं? कागद चांगला जाड आसतोय." आणि मांडणीकडे हात केला. पितळेच्या डब्यांखाली माझी न लागलेली तिकिटं ओळीनं अंथरलेली. निळी, गुलाबी, पिवळी. मी रोज तिथूनच ताट घेतो.


रविवार, ११ सप्टेंबर

आईला मग पलूसचं सांगितलं. म्हणाली, "खोटं सांगून सून आणू नगं. आन् गावभर पिटत बी बसू नगं." यातून करायचं काय ते कळत नाही.

आई भिशीत महिन्याला पन्नास भरते. म्हटलं, त्यात पण चिठ्ठीच काढतात की. म्हणाली, "भिशीत पैला नंबर येवो न्हाई तर शेवटला, माजं मला मिळतंय. तुज्यात दुसऱ्याचं मिळतंय."

हे बरोबर आहे. भिशीत चिठ्ठी फक्त कधी ते ठरवते.

भिशीच्या दिवशी तुला धडधडतं का, असं विचारलं. "भिशीला कशाला धडधडंल?" पण डबे पुसता पुसता म्हणाली, "पैला नंबर काढत्यात तवा जरा हुतंय."


शनिवार, २४ सप्टेंबर

मामाचा निरोप. पितृपंधरवडा चालू आहे, मुलगी बघायचं दसऱ्यानंतर. हायसं वाटलं. वेळ मिळाला.

मागच्या आठवड्यात दोन रुपये लागले. आजवर आलेले अठरा.

आजपासून एक करून बघतो. दर शनिवारी खरं तिकीट घ्यायचं तसं घ्यायचं, आणि त्याच वेळी मनात येईल तो दुसरा एक नंबर नुसता इथे लिहायचा. विकत घ्यायचा नाही. त्याचं नाव कोरं तिकीट (को.ति.). बघायचं, माझी धडधड पैशाला आहे की नंबराला.

आजचं को.ति. : २७७४१.


गुरुवार, २९ सप्टेंबर

खऱ्याला काही नाही. को.ति.चे शेवटचे दोन आकडे जुळले! दहा रुपये.

टपरीवर उभा राहून मला हळहळ वाटली. जे घेतलंच नव्हतं ते गेल्याचं वाईट वाटलं. आणि धडधडही झाली, जुळतंय हे दिसायच्या आधी. खऱ्याच्या निम्मी म्हणेन. निम्म्याहून जरा जास्तच.

ह.सा.ना सांगितलं. म्हणाले, "बेटा, फौजेत मी सोळा वर्षं रोज रम घेतली. नाद नव्हता, रेशन होतं. रिटायर झालो, रेशन बंद, रम बंद. पण संध्याकाळी सात वाजता हात अजून रमचा मग शोधतो." आणि खरंच हात वर करून दाखवला. मग गिऱ्हाईक आलं.


शनिवार, ८ ऑक्टोबर

दसऱ्याचं बंपर, दहा रुपये तिकीट. दर वर्षी कारखान्यात मिळून एक घेतात. मिस्त्री चार, बबन तीन, मी तीन. रसूलभाई पैसे घालत नाहीत, पण तिकीट त्यांनीच उचलायचं, कारण त्यांच्या हाताला हाव नाही असं मिस्त्रींचं म्हणणं. चौघं टपरीवर गेलो. रसूलभाईंनी तोंड दुसरीकडे करून गठ्ठ्यातून एक ओढलं. शेवटचे चार ३८७२. बबनला तोंडपाठ झालं. कामावर दिवसभर म्हणतोय.

माझं शनिवारचंही घेतलं. को.ति. लिहिलं.


गुरुवार, १३ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रांची पूजा. सकाळी लेथ रॉकेलनं पुसून काढला, बेडवर, म्हणजे त्याच्या लांब सपाट पायावर, तेलाचा हात फिरवला. झेंडूचे हार. पान्हे, हातोडे, कानस, व्हर्नियर, सगळं पाटावर मांडलं. मिस्त्री सोवळं नेसल्यासारखे गंभीर असतात या दिवशी.

बंपरचं तिकीट त्यांनी लेथच्या बेडवर ठेवलं, बरोबर मध्यभागी. आधी लेथला हळदकुंकू, मग ड्रिलला, मग तिकिटाला. बोट पाण्यात बुडवून ओलं कुंकू, चांगलं ठसठशीत. नारळ फोडला, पाणी सगळीकडे शिंपडलं.

तिकिटामागची शेवटची ओळ मला आठवत होती. तोंडाशी आली होती. पण मालक हात जोडून डोळे मिटून उभे. पूजेच्या मध्ये "मिस्त्री, कुंकू लावू नका" असं कोण म्हणणार? बबननं म्हटलं नसतं. मीही म्हटलं नाही. प्रसाद खाल्ला.

दसरा होईस्तोवर कशालाही हात लावायचा नाही, अशी रीत. तिकीट तिथेच.


शनिवार, १५ ऑक्टोबर

आज काम सुरू. तिकीट तेलानं बेडला चिकटलेलं. मिस्त्रींनी ब्लेडनं हळूहळू सोडवलं. मालिका दिसते, पहिले आकडे दिसतात, ३८ दिसतं. पुढे लालभडक.

"वाळलं की दिसंल," मिस्त्री म्हणाले.

बबननं तीन-आठ-सात-दोन म्हणणं थांबवलं.

उद्या पलूस.


रविवार, १६ ऑक्टोबर

पलूसला मी, आई, मामा. सव्वाअकराला पोचलो. घर स्वच्छ, ओसरीवर शिवणाचं मशीन, त्यावर कापड झाकलेलं. चुलत्यांना सगळे तात्या म्हणतात. कमी बोलतात. पोहे झाले, चहा झाला. मग तात्यांनी तेच विचारलं, माझ्याकडे बघून. "नाद काय?"

मामा म्हणाला, "आवं, न्हाई म्हटलं न्हवं का? काय बी न्हाई."

मी पाणी प्यालो. भांडं रिकामं होतं तरी प्यालो. आई माझ्याकडे बघत होती.

नंतर आम्हा दोघांना ओसरीवर बोलायला बसवलं. दार उघडं, आत सगळे. शैला निळ्या साडीत. बोटाला सुई टोचल्याची खूण. मला एवढंच दिसलं, कारण मी वर बघत नव्हतो.

मी म्हणालो, "मामा म्हणाले ते सगळं खरं न्हाई. मी लॉटरीचं तिकीट घेतो. दर शनिवारी. दोन रुपयाचं."

तिनं दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात, "किती गेले?"

"यंदाचे पंच्याऐंशी. बंपरचा वाटा धरून."

"आले?"

"अठरा."

"हिशोब ठेवताय?"

"व्हय."

"दादा न्हवते ठेवत." दादा म्हणजे तिचे वडील. मग म्हणाली, "एवढं समदं कळतंय, तर मग घेताय कशाला?"

प्रश्न भांडायचा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला जे खरं होतं ते तोंडातून गेलं, "तेच बघतोय."

"बघून झालं की सांगा. तवर मी तात्यांना व्हय बी म्हणत न्हाई आन् न्हाई बी म्हणत न्हाई."

परत येताना गाडीत मामा खूश. म्हणाला, "पोरगी लय बोलली की तुज्यासंगं. काय म्हणत हुती?"

"हिशोब विचारत होती."

"चांगलं हाय, चांगलं हाय. संसाराला लागतोय."


गुरुवार, २० ऑक्टोबर

३८७२.

बंपरच्या चार आकडी बक्षिसात. पाच हजार! बबन टपरीवरून कारखान्यापर्यंत पळत आला, धापा टाकत नुसतं लेथकडे बोट दाखवत होता.

तिकीट घेऊन चौघं ह.सा.कडे गेलो. त्यांनी चष्मा बदलला, उन्हात धरलं, मागून धरलं. ३८. पुढे कुंकू. मिस्त्रींनी अंगठ्यानं जरा चोळलं तर कागदच सुटायला लागला.

मिस्त्री म्हणाले, "आवं, तुमीच इकलंय हे. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"मला मालूम आहे. ह्याला मालूम आहे. बबन तर आठ दिवस गात होता. पण मुंबईला काय मालूम? मुंबईला फक्त कागद दिसतो." एका अर्जाबरोबर रजिस्टरनं लॉटरीच्या मुंबई ऑफिसला पाठवून बघू म्हणाले. वरून काय येईल सांगता येत नाही.

परत येताना बबन : "देवानं तिकीट ठेवून घेतलं आन् आपल्याला कुंकू दिलं."

मिस्त्री तिथेच थांबले. "पूजा केली म्हणून लागलं. न्हाईतर दहा वर्षांत कवा लागलं हुतं?"

"आन् पूजा केली म्हणूनच गेलं."

दोघांचं म्हणणं मला खोटं पाडता आलं नाही. संध्याकाळी मिस्त्री मला एकट्याला म्हणाले, "तू नवमीला कायतरी बोलणार हुतास. म्या बघितलं हुतं."

मी म्हणालो, न्हाई मिस्त्री, तसं काय न्हाई.


शनिवार, २२ ऑक्टोबर

रजिस्टर गेलं. बारा रुपये ह.सा.नी भरले. अर्ज मी लिहिला, दोनदा उतरवून काढला. "पूजेच्या वेळी कुंकू लागल्याने" असं लिहिताना हात थांबला, पण खरं तेच आहे.

आले तर मिस्त्रींना दोन हजार, बबनला पंधराशे, मला पंधराशे. मिस्त्री म्हणाले, रसूलभाईंना वाटा द्यायचा, हात त्यांचा. रसूलभाईंनी दोन्ही हात झटकले. "तुमी उचल म्हटला, मी उचलला. मला त्यात घेऊ नका. आलं तर एक चहा पाजा."

मला वेगळीच काळजी. पंधराशे आले तर माझा हिशोब फायद्यात जातो. मग शैलाला काय सांगणार? की लागतं म्हणून घेतो? ते खरं नाही. लागायच्या आधीही घेतच होतो. मुंबईचं उत्तर यायच्या आत माझं उत्तर मला सापडलं पाहिजे.

आजचं तिकीट घेतलं. रांगेत माझ्या पुढे एक जण बंपरचे पाच हजार कुणाला लागले ते विचारत होता. ह.सा. म्हणाले, "देवाला."


बुधवार, २६ ऑक्टोबर

पंपाचे बुश, म्हणजे दांड्यावर बसायच्या कड्या, करतोय, सगळे एका मापाचे. आतलं भोक व्हर्नियरनं बघायचं, बाहेरचं बघायचं, बाजूला ठेवायचा, पुढचा लावायचा. दुपारी लक्षात आलं, की उद्या गुरुवार, आणि सकाळपासून हे तीन वेळा लक्षात आलंय. सोमवारी एकदाच आलं होतं.

हे लिहून ठेवतो. यात काहीतरी आहे.


रविवार, ३० ऑक्टोबर

शैला आणि तिची चुलती दिवाळीच्या खरेदीला कराडला आल्या. मामानं आधी निरोप दिला होता, "स्टँडवर सहज गाठ पडल्यागत कर." सहज म्हणून साडेदहापासून उभा. गाडी पावणेबाराला आली. उभं राहायला जागा कुठे, तर ह.सा.च्या टपरीसमोर. दुसरी सावली नाही.

ह.सा.नी मला ओळख दाखवली नाही. समोर बघत राहिले.

चुलती म्हणाली, मी समोरून बांगड्या बघून येते. समोरच्या दुकानातून तिला आम्ही दिसत होतो, आम्हाला ती.

"झालं बघून?" शैलानं विचारलं.

घरी पाठ केलं होतं, तरी अडखळलो. म्हणालो, कामावर सगळ्याचं माप मला आधीच माहीत असतं. घरात आज भाजी कसली तेसुद्धा. गुरुवारी सकाळी काय ते तेवढं माहीत नसतं. दोन रुपयांतले ऐंशी पैसे फिरून येतात. एक रुपया वीस पैसे त्या गुरुवारचे.

ती टांगलेल्या तिकिटांकडे बघत होती. "दादांना बी आसंच वाटत आसंल. त्यांचा रोजच गुरुवार आसायचा."

"माझा आठवड्यातून एकदाच."

"त्यांचा बी आदी एकदाच हुता."

मी बंपरचं सांगितलं, सगळं. कुंकवाच्या गोष्टीला हसली, पदर तोंडाशी धरून. मला वाटतं, पंधराशेपेक्षा ते मला... असो.

को.ति.चंही सांगितलं. ते तिनं दोनदा विचारून घेतलं. "पैसे न घालता बी धडधडलं?"

"निम्मं."

"मग तेच घ्या की. महिनाभर. नुसतं लिहायचं, इकत न्हाई घ्यायचं. गुरुवार तर गुरुवार."

"आन् त्यातलं मोठं लागलं तर?"

"तर काय गेलं तुमचं?"

मी विचार केला. "जीव जाईल," म्हणालो.

"मग तवा कळंल, नाद हाय का न्हाई ते. तात्यांना मी महिनाभर थांबवते. जास्ती न्हाई थांबायचे ते."

चुलती बांगड्या घेऊन आली. हिरव्या.

त्या गेल्यावर ह.सा. पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "ऑपरेशन होतं. समझ गया था. रिपोर्ट?"

"अजून चालू हाय," म्हणालो.

कालचं तिकीट धरून आजवर एकूण त्रेचाळीस तिकिटं झाली.


शनिवार, ५ नोव्हेंबर, भाऊबीज

आई कडेगावला मामाकडे. मी एकटा. टपरीवर जाऊन सांगितलं, माझं काढून ठेवू नका, महिनाभर सुट्टी.

"मंजूर," ह.सा. म्हणाले, पण तोंड उतरलं. दर शनिवारचं ठरलेलं गिऱ्हाईक मी असायचो. त्यांचा पण काही हिशोब असेलच. तो मी धरला नव्हता.

मुंबईचं अजून काही नाही.

को.ति. : ६०४१५. हा नंबर काढायला वीस मिनिटं लागली. आधी कधी इतका वेळ लागला नव्हता.


गुरुवार, १० नोव्हेंबर

सकाळी टपरीवर निकाल फुकट बघता आला असता. तिकीट न घेता फुकट निकाल बघायला जायची लाज वाटली, म्हणून स्टँडच्या आतल्या दुकानातून पेपर विकत घेतला. दीड रुपया. पेपर घेऊन झाल्यावर लक्षात आलं, की हे एक रुपया वीस पैशांपेक्षा जास्त आहे. शैलाला सांगायला पाहिजे. हसेल.

पेपर डब्याच्या पिशवीत घातला. बबननं वाचायला मागितला, दिला नाही. "काय हाय रं त्यात? सोनं?" दुपारी उघडला नाही. संध्याकाळी घरी आणला. आता समोर आहे, घडी तशीच. निकाल आतल्या पानावर असतो, खाली उजवीकडे.

धडधड आहे. निम्मी नाही. आज पूर्ण आहे. पैसे घातलेले नसताना पूर्ण.

न बघता पेपर मांडणीत घालावा का, डब्यांखाली? पण मग उद्या ताट काढताना बघीन. आई आतून विचारते, पेपर वाचून झाला का, चूल पेटवायला हवाय.

थांब म्हटलंय.

खर्च : तिकिटं ४३, रु. ८६. बंपरचा वाटा ३. पेपर १.५०. एकूण ९०.५०.
आले : १८.
येणे : मुंबईहून, माझ्या वाट्याचे १५००. आकडा लिहिला, बेरजेत धरला नाही.
देणे : हवालदारसाहेबांना रजिस्टरचे, माझ्या वाट्याचे ३.६०. रसूलभाईंना चहा एक (मुंबईहून आले तर). पलूसला उत्तर एक, मुदत वीस दिवस.